सुनेचे सरडे माझ्या अंगणात

३ मे, सकाळ
मुलगा आणि सूनबाई आठवडाभर थंड हवेच्या ठिकाणी गेले. तिला सातवा लागलाय, उकाडा सोसत नाही म्हणे. जाताना दोन सरडे माझ्या गळ्यात मारले. पाळलेले. लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, हिनं सरडे पाळलेत. फ्लॅटमध्ये ऊन येत नाही, तुमच्या अंगणात कोवळं ऊन मिळेल, म्हणाली. सोबत डबाभर जिवंत नाकतोडे. हा त्यांचा डबा.

मुलाने बाजूला घेऊन सांगितलं, आई, हे नीट सांभाळ, मग ती कामावर जायला लागली की बाळ दिवसभर तुझ्याकडे ठेवू. नाहीतर तिची आई टपूनच बसलीय. विहीणबाई म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत. पण एक पोरगा आणि पाच शेळ्या वाढवल्यात. सरड्यांचं काय घेऊन बसलात.

सूनबाईनं बऱ्याच सूचना दिल्या. पिंजरा अर्धा सावलीत. पाणी फवारायचं. ऊन चढायच्या आत घरात. एकटं सोडायचं नाही. मी मान डोलावत होते. शेवटचं काहीतरी तोंड उघडण्याबद्दल होतं, तेव्हा मी तिच्या नव्या चपलांकडे बघत होते.

४ मे
मोठा एका डोळ्याने माझ्याकडे बघतो, दुसऱ्याने कपाटाकडे. अगदी विहीणबाई. धाकटी पाय उचलते आणि ठेवू की नको करत डुलत राहते. मी म्हटलं, ठेव गं बाई एकदाचा, गाडी सुटेल. रागाने काळी पडली. घरात एक सून फुगते ते कमी होतं.
उद्यापासून दर अर्ध्या तासाने फवारणी.

५ मे
फवारणी एकदा झाली. दुसऱ्यांदा बाटली सापडली नाही.
विहीणबाईंचा फोन. जमतंय ना, विचारलं. मी म्हटलं, तुमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा गुणी आहेत, गप्प बसतात. त्या म्हणाल्या, फारच गप्प असतील तर हलवून बघा, आहेत ना ते. बाई विषारी आहे. सरडे बिचारे बिनविषारी.

६ मे, दुपार
चूक माझी नाही, सावलीची. सकाळी पिंजरा पेरूखाली चांगला गारव्यात ठेवला होता. तिनं तिथंच थांबायला नको? मी जरा आडवी झाले. उठून बघते तर पिंजरा रणरणत्या उन्हात. मोठा पांढराफटक, तोंड वासून बसलेला. मला वाटलं वेडावतोय. मीही वेडावून दाखवलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडची नर्सबाई ओरडली, काकू, तोंड काय वाकडं करताय, तापलाय तो, आत न्या. हिला माझ्या अंगणाशिवाय बघायला दुसरं काही नाही. न्हाणीघरात नेऊन पाणी फवारलं. बऱ्याच वेळाने तोंड मिटलं, हिरवा झाला. मी मात्र नंतर चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. उन्हाचा परिणाम.
सुनेला फोनवर सांगितलं, मजेत आहेत.

७ मे
डोकं चालवलं. सगळ्या दुखण्याचं मूळ पिंजरा. झाडावरच सोडलं तर सावली सरकेल तसा सरडाही सरकेल. एवढी साधी गोष्ट शिकलेल्या सुनेला सुचू नये. दोघांना पेरूवर सोडलं आणि खाली खुर्ची टाकून पहारा दिला. एकदाच आत गेले, दूध उतू जात होतं म्हणून.
मोठा आहे. धाकटी नाही.

७ मे, संध्याकाळ
पानं हिरवी, ती हिरवी, आणि माझा मोतीबिंदू. नर्सबाई शिडी घेऊन आली. शोधलं कमी, मला झापलं जास्त. मुलाचा फोन, तिला करमत नाही, उद्याच येतो.

८ मे, सकाळ
सापडली. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर होती. जरा रोडावलीय, रंग मातकट, शेपूट लांब वाटतं. एका दिवसाच्या भटकंतीने होतं असं. चपळ किती झालीय, टोपलीखाली धरताना दोनदा हातावरून पळाली. माझ्याकडची हवा मानवली. मोठा तिला बघून कोपऱ्यात काळा होऊन बसलाय. नवराबायकोत चालायचंच.

८ मे, दुपार
आले. मी म्हटलं, बघ धाकटी कशी चटपटीत झालीय. सूनबाई वाकून बघत राहिली. म्हणाली, आई, हा कुंपणावरचा सरडा आहे. मी म्हटलं, रंग बदलतात असं तूच सांगतेस. ती म्हणाली, रंग बदलतात हो, पण इतकं नाही.

मग एवढं पोट घेऊन झाडाखाली गेली. फांद्या वाकवून वाकवून बघत होती. धाकटी सापडली, अगदी खालच्या फांदीवर, डोळे खोल गेलेले. तिला पाणी पाजताना सूनबाई रडली. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती.

९ मे
मुलगा म्हणाला, आई, बाळ तिच्या आईकडे ठेवायचं ठरवलंय. तू दमतेस. मी म्हटलं, मी कुठे दमते. तो म्हणाला, तू येत जा ना बघायला. येताना फोन कर.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. मी दोन चांगले टोमणे काढून ठेवले होते. त्या म्हणाल्या, तुमच्याच नातवंडाचं घर आहे, केव्हाही या, मी चहा टाकेन. आवाजात टोचणं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलल्या.
मी बरं म्हटलं.