एकटं वाटणारी बाई

४ मार्च
डिंककाका आले होते! आमच्या दप्तरखान्यात तीस वर्षं त्यांनी जुन्या वह्यांची बांधणी केली, हाताला कायम डिंक — म्हणून हे नाव. मी नोकरीला लागले त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आज जुन्या लिपीतली अकरा पत्रं घेऊन आले. घरात माळ्यावर सापडली म्हणे. स्वतःला ती लिपी येत नाही. पत्रांचे काय घ्याल विचारलं तर म्हणाले, काही नको, फक्त आत काय आहे ते सांगा.
काही नको? पाणी मुरतंय कुठंतरी.

५ मार्च
पहिलं वाचलं. कुणा बाईनं नवऱ्याला लिहिलेलं. कागद दोनशे वर्षांचा. आणि मजकूर — ‘तुमच्या शेजारी बसूनही मला एकटं वाटतं.’
बारा वर्षं मी असली पत्रं उतरवून काढतेय. त्या काळी कुणाला ‘एकटं वाटत’ नसे. म्हणजे वाटत असेल, लिहीत नसत. अन्न गोड लागत नाही, आतडं तुटतं, डोळ्याला डोळा लागत नाही — दुःख अंगावर निघायचं. एका आईनं मुलगा गेल्याचं कळवलंय: चार ओळी बैलाच्या खुराबद्दल, आणि शेवटी, ‘त्या दिवसापासून उजवा हात उचलत नाही.’ संपलं. त्या हातात सगळं आलं.
ही बाई मात्र सरळ मन उघडून बसलीय. खोटी आहे.

८ मार्च
साहेब खूश. प्रदर्शनात दर्शनी ठेवणार. मी शंका काढली, तर म्हणाले, तुला दुधातही माशी दिसते.
असली तर दिसणारच.

९ मार्च
भिंगाखाली धरली. शाईला निळी झाक — कारखान्यातली! तेव्हा काजळीची शाई असायची, ती निळी पडत नाही. आणि जुन्या वह्यांची कोरी पानं कुणाच्या हाताशी? बांधणी करणाऱ्याच्या! वर भोळा चेहरा करून म्हणतो, वाचून सांगा.

१२ मार्च
न कळवता त्यांच्या घरी गेले. चहा त्यांनीच केला, साखर विसरले. बायको जाऊन वर्ष झालंय.
माळ्यावर नेमकी कुठं सापडली, मी खोदून विचारलं. हिच्या ट्रंकेत, म्हणाले. ही पण तुमच्याकडंच होती ना, नकला करायला, तुमच्या बऱ्याच आधी.
भिंतीवर तिच्या हातची एक नक्कल, चौकटीत. जुन्या लिपीत. तेच अक्षर, तोच लांब शेपटीचा ‘ळ’.
घरात कुणालाच वाचता न येणारी लिपी. म्हणून तिनं त्यात लिहिलं.
कपबशी उचलत काका म्हणाले, “ही फारशी बोलायची नाही. सुखी होती.”
मी मान हलवली. दुसरं काय करणार?

१३ मार्च
साहेबांना सांगितलं, पत्रं खोटी आहेत, प्रदर्शनात नकोत. ‘खोटी’ म्हणताना जीभ अडखळली.

१६ मार्च
काकांना अकराही वाचून दाखवली. बाई कोण, ते मी बोलले नाही. सातवं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं — चुलीशी हात भाजला, दिवसभर कुणी विचारलं नाही, ते. मी वाचलं.
“त्या दिवशी मी घरीच होतो,” म्हणाले.