कुलपाचा प्रश्न

४ मार्च, रोहा
एकटेपणा मोजणारी प्रश्नावली करायला निघाले आणि घरात माणसाला बसायला जागा उरली नाही. सगळीकडे कागद. महेश सेकंड शिफ्टला निघताना म्हणाला, "आता मलाच एकटं वाटायला लागलंय, पहिला कागद माझ्याकडून भरून घे." नवरा असाच मिळायचा होता.

पीएचडीचे सर फोनवर: "आधी गाळणी, फॅक्टर अ‍ॅनालिसिसची आकडेमोड नंतर. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात तो माणसामाणसांतला फरक दाखवत नाही. काढून टाकायचा. जीव अडकवायचा नाही." हो म्हटलं. जीव अडकतोच.

७ मार्च, पेण
आईकडे. पोह्याच्या पापडांचा सीझन सुरू. दुपारी आमच्या ओटीवर नलूकाकू, शकीलाभाभी आणि गल्लीतल्या बाकीच्या, पोळपाटाला पोळपाट लावून. सगळ्यांना कागद दिले आणि बाजारात गेले. परत येते तो आई म्हणते, "भरून झाले बघ सगळे." इतक्या लवकर! लाट्या तेलात बुडवून एवढ्या खाल्ल्या की रात्री जेवण गेलं नाही.

९ मार्च, रोहा
उत्तरं कॉम्प्युटरवर चढवली. सगळ्या बायकांची एकच. प्रत्येक प्रश्नाला. सरांच्या नियमाने अख्खी प्रश्नावलीच बाद.

आईला फोन. "अगो, हात पिठाचे ना सगळ्यांचे. नलू वाचायची, सगळ्यांचं ठरलं की मी खुणा करायची. एकीचं एक, दुसरीचं दुसरं, असं बरं दिसलं असतं का? तुझाच पेपर बिघडला असता."

एकटेपणाचे प्रश्न, एकमताने पास. चिडायचं होतं, जमलं नाही. हसून हसून पोट दुखलं.

१४ मार्च, पेण
परत. या वेळी एकेकीच्या घरी, एकेकीला बसवून. नलूकाकू वैतागली. "एकटीला इचारतेस? मंग मला काय सुचायचं गो?"

शकीलाभाभीचे मिस्टर कुवेतला. तिने प्रत्येक प्रश्न वाचला, थांबली, मग खूण केली. मध्ये पोरांवर ओरडून घेतलं. शेवटी म्हणाली, "बरा वाटला. असा कोण इचारत नाय."

आईचा नंबर आला तर म्हणे, "माझं तेव्हाच भरलंय की, सगळ्यांबरोबर." आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या घातलेल्याच होत्या, त्या मोडून परत. मी सोडून दिलं.

१८ मार्च, रोहा
उत्तरं वेगवेगळी आली एकदाची. बरेच प्रश्न तगले. प्र. १७ मात्र गेला. 'बाहेरून आल्यावर घराचं कुलूप उघडायला नको वाटतं.' एकजात 'कधीच नाही'. बरोबरच आहे. नलूकाकूकडे सून, नातवंडं, भाभीकडे सासूसासरे. त्यांच्या घरांना कुलूप लागतंच कधी? सरांचा मेसेज आला: १७ काढ.

काढायच्या आधी आठवत बसले, हा आला कुठून. दिवाळीत आईनेच दिला होता. मी प्रश्न गोळा करत होते, ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "हे पण लिही. बाजारातनं आलं की कुलूप उघडायला नको वाटतं. बायका म्हणतात असं."

कुठल्या बायका? गल्लीत कुलूप लागतं ते एकाच घराला. बाबा गेल्यापासून.

१९ मार्च
झोप नीट नाही. आईचा राग आला. सरळ सांगायला काय झालं होतं? माझ्या अभ्यासाला मदत म्हणून सांगितलंन, आणि मी त्याला नंबर घालून मोकळी.

महेश म्हणतो, "घेऊन ये इकडे. मागची खोली रिकामीच आहे." मन मोठं आहे त्याचं. पण आम्ही दोघंही दिवसभर बाहेर. इथे ती दार लावून कोणाची वाट बघत बसणार? पापड कोणाबरोबर लाटणार? तिथे दुपार तरी भरलेली असते. संध्याकाळचं काय करायचं ते सुचत नाही.

२२ मार्च, पेण
न कळवता आले. एसटी वडखळला अडकली, उशीर झाला. दाराला कुलूप. पायरीवर बसले तर समोरून नलूकाकू: "आत ये गो. येल ती आता. बाजारातनं आली का रोज आमच्याकडंच टेकते. दिवेलागणीला मी बोलते, जा आता, तवा उठते."

आई पिशवी घेऊन आली. मला बघून चेहरा असा उजळला की मलाच कसंसं झालं. किल्ली कमरेला. "दे, मी उघडते," म्हटलं. सोडून हातात दिली.

दिवा लावला, चहा टाकला. रोह्याला चल म्हटलं, सीझन संपल्यावर का होईना. "बघू," म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही.

मग चहा गाळताना, माझ्याकडे न बघता: "तो कुलपाचा प्रश्न ठेवलास का काढलास?"

"सर काढ म्हणतायत. सगळ्यांचं उत्तर सारखं आलं."

"सगळ्यांना विचारलंस?"

मी पिशवीतनं कोरा कागद काढला, त्यावर पेन ठेवलं.

"हात ओले आहेत," म्हणाली. "ठेव तिथं. भरीन."

साखरेच्या डब्याखाली ठेवलाय. सकाळच्या एसटीने निघायचं होतं. कॉलेजला फोन करून सुट्टी टाकली. सरांना १७ बद्दल अजून काही कळवलेलं नाही.