कमळावरची अंघोळ

रत्नागिरी,
२८ मे २००६

प्रिय ओवी,

अनेक आशीर्वाद. आंब्याची पेटी पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस, बरं वाटलं. वरच्या थरातले आधी संपवा, खालचे अजून अढीत राहू देत. आणि फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणावं तुझ्या सासूबाईंना. त्या ठेवतीलच, पण माझं सांगायचं काम झालं.

त्याच फोनवर, व्हिसा आणि बॅगांच्या गडबडीत, तू अगदी सहज म्हणालीस, "आई, तू केलेली राहीची चिकटवही राहू दे आता. जड आहे, सामानात नाही बसायची. इकडच्या आईंनी केलेली सीडी नेतोय ना आम्ही अमेरिकेला." मी बरं बरं म्हणून फोन ठेवला. तुझ्या आप्पांनी विचारलं, कुणाचा गं फोन? मी म्हटलं, राँग नंबर. मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायची त्यांची छाती झाली नाही. फोनवर मला धड भांडता येत नाही ओवी, एक तर तू रडतेस नाहीतर तुझ्या मांडीवरची राही रडते. म्हणून हे पत्र.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. मला तुझ्या सासूबाईंचा हेवा वाटतो. हेवा हा फार सोवळा शब्द झाला. जळते मी. बाई वाईट नाहीत. तुला मायेनं वागवतात, राहीवर जीव टाकतात, मला दर सणाला फोन करतात. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! खुशाल नावं ठेवून मोकळी झाले असते. आता नावं ठेवायलाही जागा नाही.

तुला आठवतं का, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ती मंडळी आपल्याकडे उतरली होती? मी तुझी लहानपणची चिकटवही दाखवायला काढली. सगळे दागिन्यांच्या डब्याभोवती, आणि विहीणबाई मात्र तुझी वही मांडीवर घेऊन झोपाळ्यावर. तुझ्या पहिल्या जावळाची बट, बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला चांदणीचा मुकुट, गणपतीपुळ्याच्या सहलीचं एसटीचं तिकीट, सगळ्यावरून हात फिरवत होत्या. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. मला म्हणाल्या, मला शिकवा. मी शिकवलं! मैद्याची खळ कशी शिजवायची, गुठळी होऊ नये म्हणून सारखं ढवळायचं, आच बंद करताना चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे झुरळं तोंड लावत नाहीत. फोटोच्या मागे खळ मध्यभागी लावायची नाही, कडांना लावायची, नाहीतर फोटो फुगतो. सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. त्यांनी पर्समधल्या डायरीत लिहून घेतलं.

आणि घरी जाऊन काय केलं? मोरचूद विषारी असतं म्हणून घातलंच नाही. त्यांच्या लेकाच्या, आपल्या गंधाररावांच्या, मुंजीचे फोटो लावलेली वही वर्षाच्या आत झुरळांनी अशी खाल्ली की बटूचं नुसतं सोवळं उरलं. रडत फोन केला होता मला. मी तोंडानं अरेरे म्हटलं, आणि मनात लाडू फुटले. देवापाशी खोटं कशाला बोलू? त्यानंतरच त्यांनी तो स्कॅनर की काय तो आणला. झुरळ कॉम्प्युटर खात नाही म्हणाल्या. गंधाररावांनी शिकवलं, शेजारच्या कुणी शिकवलं, आणि बघता बघता बाई त्यात तरबेज. माझ्याकडून ग म भ न शिकल्या आणि आता माझ्याच लेकीच्या घरात पंडित!

पाडव्याला त्यांची ती सीडी कुरिअरनं आली, तेव्हाचं तुला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून पलीकडच्या काशीवहिनींकडे बघायला गेलो. काशीवहिनींनी सगळ्या आळीला बोलावलं होतं. तुळसासुद्धा आली होती, म्हणाली, मी चोळलेल्या बाळंतिणीचं पोर हाय, मला नको दावायला? सीडी लावल्याबरोबर बासरी सुरू झाली. पानावर पान उलगडायला लागलं. राहीचं नाव सोनेरी अक्षरात, वरून पारिजातकाची फुलं पडतायत, एका पानावर राही चंद्रावर झोपलेली, एका पानावर परडीत. सगळे अहाहा करत होते. मीही करत होते. खोटं नाही बोलत, सुंदरच होतं. माझ्या वहीत चंद्र नाही. माझ्या वहीत तिच्या मनगटाची हॉस्पिटलची पट्टी आहे, बारशाच्या कुंच्याची उरलेली जर आहे, तुझ्या जुन्या सुती साडीचं दुपटं केलं त्याचा तुकडा आहे. विहीणबाईंच्या सीडीतही दुपटं होतं. हुबेहूब! न राहवून मी बोट लावून पाहिलं, तर गार काच. काशीवहिनी म्हणाल्या, बोटाचे ठसे उमटतात हो.

मग ते अंघोळीचं पान आलं. तो फोटो आप्पांनी काढलेला, आपल्या न्हाणीघरात. तुझ्या आप्पांचं फोटो काढणं तुला ठाऊकच आहे, जन्मात कुणाचं डोकं धड आलेलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला माझा फोटो काढला तर गळ्याखालची साडी तेवढी छान आली होती. तर त्या फोटोत मी पाटावर बसलेय, पाय लांब केलेत, पायांवर राही उताणी, मी पाणी ओततेय आणि ती डोळे मिटून, ओठांचा चंबू करून, अगदी म्हातारीसारखी वैतागलेली. विहीणबाईंनी राहीला तेवढं उचललं. कडेनं इतकं सफाईनं कापलं की माझ्या कात्रीला जमलं नसतं. आणि ठेवली गुलाबी कमळावर! मागे धबधबा. खाली लिहिलंय, राहीचं अभ्यंगस्नान.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. तेवढ्यात तुळसा खणखणीत आवाजात म्हणाली, "बाय, तुजं पाय कुटं गेलं गो?" काशीवहिनी हसल्या, सगळेच हसले. मी म्हटलं, अगो, कमळाखाली असतील. घरी आले, भाताचा कुकर लावला आणि त्याच्या शिट्टीच्या आवाजात रडून घेतलं.

तू म्हणशील, आई, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. तर ऐक. मी नंतर परत काशीवहिनींकडे गेले, विसरलेला डबा आणायचं निमित्त करून, आणि ती सीडी पुन्हा लावायला सांगितली. मला त्यात स्वतःला शोधायचं होतं. विहीणबाई आहेत, डोहाळजेवणात, बारशात, पुण्याला राही आली त्या दिवशी दारात ओवाळताना. प्रत्येक वेळी साडी नवी. व्याही आहेत. त्यांच्या सोसायटीतलं मांजर आहे ओवी! मी नाही. त्यांनी मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. मी फोटोत होतेच कुठे? तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत होते, शेगडीत वावडिंग-ओवा टाकून धुरी करत होते, दुपटी वाळत घालत होते, आल्यागेल्याला चहा करत होते. बाळंतिणीच्या आईला फोटोला उभं राहायला सवड कुठली? तीन महिने ते बाळ माझ्या हातापायांत होतं. तुझं अंग चोळायला तुळसा होती, पण राहीची अंघोळ मी कुणाला दिली नाही. त्या सगळ्याचा पुरावा म्हणजे तेवढे दोन पाय, आणि तेही गेले.

मग मी एक उद्योग केला. हसू नकोस. एसटी स्टँडच्या मागे कॉम्प्युटरचा क्लास आहे, तिथे नाव घातलं. अजरा नावाची मुलगी शिकवते, वडील कुवेतला असतात, ही बी.कॉम. करून क्लास चालवते. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी कुणाची तरी फी भरायला आले. जिना चढताना गुडघे असे बोलतात की वर पोचायच्या आधी तिला कळतं काकी आल्या. तो माऊस सुरुवातीला हातात नुसता वळवळायचा, बाण पडद्याच्या बाहेर जाऊन बसायचा. बाकीची पोरं टायपिंग शिकतायत आणि मी सांगतेय, मला फोटो चिकटवायला शिकव. आप्पांना सांगितलं होतं, देवळात भजनाला जाते. त्यांनी एक दिवस विचारलं, हल्ली भजन दुपारी असतं का?

त्या क्लासात मला एक गंमत कळली. मी एका फोटोचा तुकडा चुकून कापून टाकला. कात्रीनं कापलेलं परत येत नाही, म्हणून आम्ही कागदवाले कात्री हातात घेऊन अर्धा तास नुसतं बघत बसतो. अजरानं एक बटण दाबलं आणि कापलेला तुकडा जिथल्या तिथे! मी तिला चारदा ते करायला लावलं. माझा विहीणबाईंवरचा राग थोडासा तिथे उतरला. कापलेलं परत येतं म्हटल्यावर कोण कशाला विचार करील? त्यांनी ते बटण दाबलं नाही इतकंच. आणि थोडासाच उतरला हं, फार आशा धरू नकोस.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. पाकिटात एक सीडी आहे. त्यात एकच पान आहे, मी केलेलं. आप्पांच्या ट्रंकेतली निगेटिव्ह शोधून फोटो पुन्हा काढवला, अजराच्या मशीनवर घातला आणि पान मांडलं. ती पोर म्हणत होती, काकी, एखादं फूल तरी टाकू या. मी म्हटलं, फूल टाकशील तर फी देणार नाही. त्यात कमळ नाही, धबधबा नाही. आपलं न्हाणीघर आहे, तांब्याचा बंब आहे, माझे दोन्ही पाय आहेत, डाव्या अंगठ्याचं काळं नखसुद्धा आहे. विहीणबाईंना दाखव आणि सांग, त्यांच्या शिष्येनं केलंय. खूश होतील, मनाच्या मोठ्या आहेत, तेच तर दुखणं आहे. आणि त्यांच्या सीडीत हे एक पान कुठेतरी घालायला सांग. मागे घातलं तरी चालेल. मी तुला सांगितलं नव्हतं, गेल्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही गुडघे गेलेत म्हणाले, ऑपरेशन करा नाहीतर करू नका, पण यापुढे खाली जमिनीवर बसायचं नाही. म्हणजे आता माझ्या पायांवर कुणाची अंघोळ व्हायची नाही. झाली ती राहीचीच शेवटची. वही मी पाठवत नाही, तू म्हणतेस तशी ती जडच आहे. मोरचूद घातलंय, टिकेल. दुपट्याला हात लावायचा असेल तर तिला इथे यावं लागेल. तोवर तिकडे ते पान बघू दे. आप्पांच्या कृपेनं त्यात माझं तोंड आलेलं नाही, नुसते पाय आहेत. ती बोलायला लागली की बोट दाखवून विचारील, हे कुणाचे. तेव्हा तिला सांग गं ओवी.

तुझीच,
आई