बाबा गाडीतून उतरले त्याबद्दल

प्रिय डोरीनताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझी पाठ, त्यांचा गुडघा आणि परसातले टोमॅटो, तिघांनाही आता उतार पडला असेल. आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही.

सहलीच्या निमित्ताने बाबांवर नीट लक्ष ठेव, असं तू बजावलं होतंस. ब्याऐंशीव्या वर्षी ते कुरणावरच्या घरी एकटे राहू शकतात, की तू बघून ठेवलेली वृद्धाश्रमातली खोली शुक्रवारी पक्की करायची, एवढंच मला कळवायचं आहे. (त्यांना यातलं काही माहीत नाही. नेब्रास्का सोडल्यापासून ते मागच्या सीटवर बसून लोकांच्या गुरांची तब्येत तपासताहेत. "हा हडकला. त्याला जंत झालेत." सगळं वायोमिंग असं जंतांतच पार पडलं.)

मंगळवारी यलोस्टोनमध्ये, लमारच्या खोऱ्यात, बायसनांचा कळप रस्त्यावर आडवा आला आणि तिथेच रेंगाळला. पाऊण तास आम्ही इंजिन बंद करून बसलो. तुझ्या भावजयीने, मार्लिसने, सकाळपासून अख्खा थर्मास कॉफी संपवली होती आणि शौचालय कळपापलीकडे होतं, त्यामुळे ती आता कोणाशीच बोलत नव्हती. पंचवीस यार्डांच्या आत जायचं नाही, हा नियम जागोजागी लिहिलेला आहे. पण आपल्या जुन्या पिकअपएवढा एक नर आमच्या बॉनेटपुढेच उभा होता. त्याने नियम वाचले नसावेत. अशा वेळी, ताई, मागचं दार उघडून आपले बाबा खाली उतरले.

मार्लिस किंचाळली, "आत या! बाबा, आत या म्हणते ना!"

"मार्लिस, काच वर कर आणि गप्प बस," बाबा म्हणाले.

नराची शेपटी उभी राहिली. (ही शेपटी उभी राहिली की पळायची वेळ निघून गेलेली असते.) त्याने खुराने डांबर खरवडलं. मागच्या रांगेतल्या कुठल्या तरी शहाण्याने हॉर्न वाजवला आणि नर एक पाऊल पुढे आला. त्याच्या नाकाची फुरफुर मला ऐकू येत होती. बाबा मात्र अंग तिरकं करून, नजर जमिनीवर ठेवून, आजारी वासराशी बोलावं तसं बोलत होते. "नको रे राजा. एवढ्या उन्हात कशाला? झालं ते झालं. चल, हळूहळू मागे." एकेक पाऊल ते मागे सरकत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी नराने मान झटकली आणि तो कळपामागे निघून गेला. बाबा गाडीत बसले आणि त्यांनी बटाट्याचं सॅलड मागितलं.

तेव्हा ताई, इतका बेफिकीर माणूस एकटा ठेवणं धोक्याचं आहे. तुझाच निर्णय बरोबर.

तुझा धाकटा,
रॉस

ता. क. मार्लिसने पत्र वाचलं. हे असंच पाठवलं तर ती इथून ओमाहाला घरी एकटी चालत जाणार आहे म्हणे. म्हणून एक राहिलेली गोष्ट लिहितो. बाबा दुसरे उतरले. पहिला मी उतरलो. "रॉस, ती आपली गाय नाही," असं ते मागून म्हणाले होते, पण मीही कुरणावरच वाढलो, असं मला वाटलं. (तीस वर्षं मी अपघाताचा विमा विकतोय.) मी टोपी काढून "हुर्र, हुर्र" केलं. शेपटी वर गेली आणि माझे पाय रस्त्याला चिकटले. बाबांनी मागून माझा पट्टा धरला. त्यांच्या त्या बोलण्यातलं किती बायसनला होतं आणि किती मला, हे अजून कळलेलं नाही.

पुन्हा ता. क. खोली नको, असं वृद्धाश्रमाला शुक्रवारच्या आत कळवून टाक. मी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते घास गिळून म्हणाले, "डोरीनला विचार, खोलीत दोन खाटा आहेत का? याला बाहेर एकटं सोडून मी कसा जाऊ?"