स्टॅबिलायझरचा दोष नव्हता

मी, हेमकांत चुनीलाल पाटील, वय ६८, साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त, रा. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण ते कायद्याला लागत नाहीत. मजकूर मी हाताने लिहिला असून शहाद्यात माझे मित्र शकीलभाई त्यांच्या दुकानात तो टाईप करत आहेत. समोरचा कागद उतरवायचा, त्यात नाक खुपसायचे नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. त्याच भरवशावर कलम ४ लिहिले आहे.

१. राहते घर पत्नी रंजनाबाईंना. त्यांनी हाकलले नाही म्हणून मी आजवर तिथे राहिलो.

२. तापीकाठची केळीची जमीन मुलगा पवन यास. तो सुरतेत असतो आणि सगळे क्लाउडमध्ये आहे म्हणतो. शेत क्लाउडमध्ये नाही, महिन्यातून एकदा यावे.

३. लॅपटॉप आणि लाल वही मुलगी मयूरीला. माझी हयात काळ्या पडद्यावर कमांड टाईप करण्यात गेली, आणि सुखात गेली. सेटिंग फाईलमध्ये कशी उतरवायची, सॉफ्टवेअरची यादी कशी काढायची, नव्या कॉम्प्युटरवर ते सगळे एका ओळीत परत कसे बसवायचे, सर्व वहीत आहे. पोरी, एंटर दाबण्याआधी 'कुठून' आणि 'कुठे' मोठ्याने वाच. आई हसेल, हसू दे.

४. नऊ वर्षांपूर्वी शकीलभाईंचा कॉम्प्युटर मी फॉरमॅट केला. आधी त्यांचे फॉन्ट, कीबोर्डची सेटिंग आणि लग्नपत्रिकांची सगळी डिझाईन बाहेरच्या डिस्कवर घेतली होती. परत टाकताना कमांडमध्ये 'कुठून' आणि 'कुठे' उलटे लिहिले. डिस्कवरचे कॉम्प्युटरवर यायचे, त्याऐवजी रिकाम्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल डिस्कवर उतरली आणि डिस्कही रिकामी झाली. मी व्होल्टेजवर ढकलले. त्यांनी बिचाऱ्यांनी मोठा स्टॅबिलायझर आणला. तो अजून टेबलाखाली गुरगुरतो आणि मला चहा गोड लागत नाही. तेव्हापासून घरोघरच्या जुन्या पत्रिका मागून १४३ डिझाईन मी पुन्हा बसवली आहेत. ती ज्या डिस्कवर आहेत, ती डिस्क माझ्यामागे शकीलभाईंना द्यावी. जिवंतपणी सांगायची हिंमत झाली नाही.

येथून पुढचे कागदावर नव्हते, तोंडी सांगितले आहे. वरील कलम टाईप करताना शकीलभाईंची बोटे थांबली. त्यांनी वाकून स्टॅबिलायझर बंद केला. "नऊ वरीस याले फुकट पोसं मी," म्हणाले. मग उरलेले कलम टाईप केले. मला वाटले, गेला माणूस हातचा. शेवटी म्हणाले, "डिस्क आतेच दे. तू मरानी वाट कोण दखी?" डिस्क पिशवीतच होती, दिली. सबब कलम ४ मधील देणे आजच पुरे झाले असून, मृत्युपत्रातून काही घ्यायचे न उरल्याने शकीलभाई साक्षीदार होण्यास मोकळे आहेत.

५. या मृत्युपत्राची एक प्रत पेनड्राईव्हवर राहील. ती काढण्यासाठी शकीलभाईंनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "कमांड तूच दे."

मी दोनदा मोठ्याने वाचून दिली.

ठिकाण: शहादा
दिनांक: १२ डिसेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: हेमकांत चुनीलाल पाटील (सही)

साक्षीदार:
१. शकील रहीम मन्यार (सही)
२. नूतन वीरसिंग गिरासे, शेजारचे झेरॉक्स दुकान (सही)