छोल्यांतली पुरचुंडी

२७ जाने., सोमवार
प्रीत, म्हणजे माझी पंजाबी सूनबाई, सकाळी छोले कुकरमध्ये घालून आंघोळीला गेली. जाताना म्हणाली, "आई, झाकण लावा." लावायला गेले तर छोल्यांत पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी. घट्ट गाठ, तपकिरी डाग, आत काहीतरी भिजून फुगलेलं. आमच्या साताऱ्याकडे अशी पुरचुंडी दिसली की करणी समजायची, हे लहान पोरालाही कळतं. उचलली, वर लिंबू ठेवलं, गोदामांकडच्या तिठ्यावर टाकून आले. मागे वळून बघितलं नाही. आल्यावर पाय धुतले.
कोणी घातली? घरात आम्ही तिघंच. मी, माझा मुलगा मंगेश आणि ती.

संध्या. – आज छोले पांढरेफटक झाले. आमच्या छोले-भटुऱ्यांच्या स्टॉलवर एक ट्रकवाला म्हणे, "भाभी, आज छोले बीमार हैं क्या?" प्री. कुकरमध्ये डाव फिरवून काहीतरी शोधत होती. मला विचारलं, "आई, यात काही होतं का?"
"छोले होते," म्हटलं.

२८ जाने.
आज पुन्हा. कालच्यापेक्षा मोठी. पुन्हा लिंबू, पुन्हा तिठा.

३० जाने.
कालपासून झाकण ती स्वतःच लावते. म्हणजे तिला कळलंय की मला कळलंय. पण तसं असेल तर चेहरा इतका साधा कसा? काल माझ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. चोळून घेताना भीती वाटली, आणि बरंही वाटलं. हे काय चाललंय माझं?
आणि मं.? भाकरीशिवाय ज्याचं पोट भरायचं नाही, तो महिनाभर छोले-भटुरेच मागतोय. रविवारी पिठलं केलं तर तोंड वाकडं. बायकोचं सगळं पटतं त्याला. लग्नाला वर्ष झालं, मी ते कौतुकाने बघायची. आता कशाने बघू?
अंगणवाडीत तीस वर्षं पोरांना शिकवलं, भूतबित काही नसतं. आणि आता मीच.

२ फेब्रु., रविवार
शिंदेवहिनींकडे हळदीकुंकू. बोलायचं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "सूनबाई नाही आणली?" मी म्हटलं, ती स्टॉलवर. मग कसं कोण जाणे, सगळं तोंडातून गेलं. पुरचुंडी, तिठा, सगळं. एकीने कपाळाला हात लावला. घरी येईपर्यंत हलकं वाटत होतं. जिना चढताना वाटलं, सांगायला नको होतं.

४ फेब्रु.
स्टॉलवर मी भटुरे तळत होते. समोरच्या बिल्डिंगमधली बाई पोराला घेऊन आली. पोरगा म्हणे, "मला ते फुगलेलं पायजे." तिने हात धरून ओढला. "इथलं नको. बांधलेलं असतंय त्यात." प्री.ने ऐकलं. तिला मराठी आता चांगलं कळतं. पुढे होऊन तिने विचारलं, "क्या बांधलेलं, ताई?" बाईने सांगून टाकलं. माझं नाव घेऊन.
प्री.ने गॅस बंद केला. घरी जाऊन बॅग भरली. दारात एवढंच म्हणाली, "आई, मुझसे पूछ लेतीं." कळंबोलीला गेली, वडिलांकडे.
मं. ड्यूटीवरून आला. मी सगळं सांगितलं. आधी हसला.
"चहापत्ती असते ती, आई! छोल्यांना रंग यायला फडक्यात बांधून टाकतात. तिच्या घरी सगळेच टाकतात."
मग ताट सरकवून उठला. जेवला नाही.

५ फेब्रु.
खरं वाटेना. चहा? डाळ-उसळीत कोणी चहा टाकतं का? स्वतः करून बघितलं. आपलीच चहापावडर, जुन्या ओढणीचं फडकं. कुकर उघडला तर छोले काळेसर, अगदी तिच्यासारखे. तिथेच खाली बसले.
लाज वाटते. रागही येतोय, तिचा नाही, कोणाचा ते कळत नाही. तिने आधी का नाही सांगितलं? पण मी कुठे विचारलं? उलट "छोले होते" म्हणाले.
स्टॉल बंद. प्री. फोन उचलत नाही.

७ फेब्रु.
शिंदेवहिनींकडे गेले. चार जणी होत्या. म्हटलं, चूक माझी. तो चहा होता, मी स्वतः करून बघितलाय. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला. "असू दे हो. घरातलं झाकावंच लागतं."
नाही, झाकत नाही, खरंच चहा, म्हटलं. "हो हो" म्हणाल्या. एकीलाही पटलं नाही. वाईट सांगितलं ते एका दमात पटलं, खरं सांगतेय तर माना डोलवतात. वेडी मी की या?

९ फेब्रु., रविवार
मं. कळंबोलीला जाऊन आला. एकटाच. म्हणाला, ती रडली नाही, चिडलीही नाही, तुझे गुडघे कसे आहेत विचारलं. बरं समजू की वाईट?
चारला फोन वाजला. प्री.
"आई, एक विचारू? सच बोला."
"विचार."
"तुम्हाला खरंच वाटलं, मी तुमच्या मुलावर असं काही करीन?"
नाही म्हणता आलं असतं. मं. समोर बसून मान हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण. तिलाही तेच ऐकायचं असेल कदाचित.
"वाटलं," म्हणाले. "आठवडाभर वाटलं."
फोन कट झाला असं वाटून कानापासून काढून बघितला. चालूच होता. तिने ठेवला नाही. मीही नाही ठेवला.