हात वर

१२ ऑक्टोबर

ति. ताईस,

बसल्या जागेवरून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण पाय काढून ठेवलाय आणि तो पुन्हा बांधायचा कंटाळा आलाय. तू बरी असशीलच. पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र कोणाचं म्हणून गोंधळली असशील. माझंच आहे. अक्षराचं नंतर सांगते, आधी बाकीचं वाच.

फोन का नाही केला म्हणशील. आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे चौकात उभं राहून बोलण्यासारखं. बाबांचे कान तुला माहीत आहेत. हाक मारली तर ऐकू येत नाही, कुजबुजलं तर पलीकडच्या खोलीतून "काय म्हणालीस?" येतं. आत्ता ते दुपारचे फिरायला गेलेत, म्हणून हे चाललंय.

इकडची खबरबात सांगायची तर बाबा ठणठणीत आहेत. शिंपीकामाचं दुकान बंद केलं तेव्हापासून मशीन पॅसेजमध्येच आहे आणि येता-जाता माझी काठी तिला अडकते. हलवा म्हटलं की म्हणतात, "तिला हलवू नको, तूच वाट बदल." बाहेर कुठेही गेलो की अजून तीच ओळख करून देतात, "मी हिचा उजवा हात." समोरचा आधी माझ्या लुळ्या हाताकडे बघतो, मग बाबांकडे, आणि दोघं खो खो हसतात. माझ्या बंदुकीत आता छर्रे तेच भरतात ना! तू भरायचीस तेव्हा असलं काही म्हणायची नाहीस. ओठ आवळून भरायचीस आणि माझा नेम चुकला की मनातल्या मनात चरफडायचीस. मला त्याचीच सवय होती.

तुझं नाव बाबा काढत नाहीत. कोणी विचारलंच तर एक वाक्य ठरलेलं, "थोरलीने हात वर केले." तुला नोकरी लागली आणि तू दुसऱ्या शहरात गेलीस, एवढंच घडलं होतं. पण त्यांच्या लेखी तू मला खुर्चीत बसवून निघून गेलीस.

खेळाचं म्हणशील तर यंदाही आमच्या गटात मीच पहिली. गट तोच, ज्यांना बंदूक हातांनी पेलत नाही त्यांचा. आपली स्प्रिंगवाली घोडी आठवते ना? तिच्यावर बंदूक टेकवायची, छर्रा दुसऱ्याने भरायचा, आपण फक्त डोळा, श्वास आणि डाव्या हाताचं एक बोट. दुसरे आले ते गणिताचे शिक्षक. त्यांना खांद्यापासून खाली काही धड हलत नाही, एका बोटावर सगळी मदार. छर्रे त्यांची बायको भरते. दरवर्षी केसभराने हरतात आणि दरवर्षी हसून म्हणतात, "तुमच्या उजव्या हाताला सांगा, एकदा तरी आजारी पडा." बाबांना ही थट्टा फार आवडते. मला पूर्वी आवडायची.

तू गेल्यावर माझ्या उजव्या हाताच्या नसांचं ते ऑपरेशन झालं होतं. सगळे म्हणाले, फुकट गेलं. नस गोगलगायीच्या चालीने वाढते असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ते आपण विसरून गेलो. नस विसरली नव्हती. उन्हाळ्यात एके दिवशी कोपर हललं. मग मनगट. मग अंगठा. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तर माझा मुकाच घेतला आणि तशाच पळत आमच्या नेमबाजीच्या सरांना सांगायला गेल्या.

सरांनी दार लावून घेतलं.

सर वाईट माणूस नाही गं. मला पहिल्यांदा बंदुकीमागे बसवलं ते त्यांनीच. ते म्हणाले, "पंचवीस तारखेला गट ठरवायची फेरतपासणी आहे. तीन डॉक्टर असतील. हात वर करा म्हणतील. तू खांद्यापर्यंतसुद्धा नेऊ नकोस. दुखतं म्हण."

मी म्हटलं, "सर, दुखत नाही."

"मग दुखव."

त्यांचंही बरोबर आहे. हात धड निघाला की मला दुसऱ्या गटात टाकणार, जिथे बंदूक स्वतः पेलायची आणि छर्राही स्वतःच भरायचा. तिथे मी शेवटून पहिली. मग संघातली जागा गेली. खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी आणि हे दोन खोल्यांचं घरही पुढे-मागे जाणार. सर म्हणाले, "लोक हात गमावून खेळात येतात, तू हात मिळवून बाहेर जाणार का?" मी हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून हात झोळीत. घरातसुद्धा, सवय मोडू नये म्हणून. बेल वाजली की आधी हात लपवते, मग दार उघडते. परवा ऑफिसात नाकावर माशी बसली. डाव्या हातात फाइल, उजवा झोळीत अगदी तयारीत, आणि मी चार माणसांसमोर खालचा ओठ पुढे काढून माशीला फुंकर मारत बसले. ऑफिसातली शिपाईण कळवळून पुढे आली आणि तिने माशी हाकलली. "बिच्चारी," म्हणाली. त्या दिवशी मला स्वतःची इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

बाबा आले वाटतं. उरलेलं उद्या.

१३ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. माशीचं लिहिलं, मशीनचं लिहिलं, आणि जे लिहायला बसले होते तेवढंच सोडून दिलं. आज लिहिते.

गेल्या महिन्यात, हाताला झोळी बांधायच्या आधीची गोष्ट. गॅसवर दूध होतं. ते वर आलं आणि मी भरलेलं पातेलं फडक्याने धरून उतरवलं. उजव्या हाताने, ताई. ठरवून नाही, आपोआप. मला स्वतःला उतरवल्यावर कळलं. इतका आनंद झाला, की पातेलं तसंच धरून मी वळले. बाबा दारात उभे होते.

त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. मग माझ्याकडे. म्हणाले, "ठेव ते खाली."

अपघातानंतर ह्याच हाताला रोज तेल चोळताना "एवढं एक बोट हलू दे, बाकी काही नको" असं पुटपुटणारे हेच बाबा. त्यांना राग आला नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ते घाबरले होते. माझा हात परत आला तर ह्या उजव्या हाताने कुठे जायचं? दुकान माझ्यासाठी बंद केलं, गिऱ्हाइकं तुटली, मैदानावरची माणसं हीच त्यांची माणसं झाली. हे मला कळतं. कळूनही तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी कुर्ता शिवला. सुरेख निळा, तुझ्या आवडीचा. घातला आणि हात उचलून बघितला, तर खांद्याच्या अलीकडेच काखेत कापड ओढलं आणि हात थांबला. बाही जोडतात तो मुंढा मुद्दाम खाली उतरवून घट्ट केलेला. म्हटलं, "बाबा, मुंढा चुकलाय." ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "चुकला नाही. तुला लक्षात ठेवायला नको, बाळा. कापडच लक्षात ठेवेल."

तपासताना कपडे काढायला लावतात हे त्यांना माहीत आहे. तो कुर्ता डॉक्टरांसाठी नाहीच, माझ्यासाठी आहे. तसे चार शिवलेत. टाके इतके बारीक, इतके जीव लावून घातलेले, की उसवायला हात धजत नाही. आता कुर्ता काढला तरी हात तिथेच थांबतो.

एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात मैदानावर बाबा पाणी आणायला गेले तेव्हा मी बंदूक घोडीवरून उचलली. दोन्ही हातांत धरली. नळी अशी डुलत होती, की छर्रा ठिपक्याला सोडून शेजारच्या फळीत घुसला. ताई, एवढा चुकलेला नेम आयुष्यात नव्हता माझा. आणि तो माझा होता. शेजारी गणिताचे शिक्षक बसले होते. त्यांनी पाहिलं. मग मान वळवून आपल्या ठिपक्याकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोच्या चिमटीतला छर्रा खाली पडला.

आता अक्षराचं. डाव्या हाताचं माझं गिचमिड तुला ओळखीचं आहे. हे ते नाही. लहानपणी बोटं धरून तू गिरवून घेतलंस तेच हे अक्षर. 'ळ' अजून पोटात फुगतो. चार ओळी झाल्या की हात थरथरतो, मग थांबते, मग पुन्हा. कोणाला तरी हा हात दाखवायचा होता, आणि ज्याच्या पोटात त्याने गोळा येणार नाही असं तुझ्याशिवाय कोणी सुचेना.

पंचवीस तारखेला ते म्हणतील, हात वर करा. मला करायचाय, जिथवर जातो तिथवर. पण माझा भरवसा नाही. आत कोणाला सोडत नाहीत, बाबा दाराबाहेर बाकावर बसतील, खिशात छर्र्यांची डबी घेऊन. आणि काळजीत असले की खोकतात तसे ते खोकतील. तो खोकला ऐकला, की माझा हात खांद्याशी थांबेल. मला पक्कं माहीत आहे.

म्हणून तू ये. ते तुझ्याशी बोलणार नाहीत, तोंड फिरवून बसतील, तरी त्यांना उठव. चहाला ने, भांडण काढ, काहीही कर, पण त्या दारापासून लांब घेऊन जा. मी बाहेर आल्यावर ते काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणू देत. तेव्हा तू फक्त त्यांच्या शेजारी बस. मला त्या दिवशी बसता येणार नाही.

तुझ्यामागून हात वर करणारी,
खारू